पंपाच्या स्विचवरचे कुलूप

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी टंकलेखन आणि आता काळजी, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की हा कागद मी माझ्या मर्जीने, माझ्याच टाइपरायटरवर, कोणीही मागे उभे राहून सांगत नसताना करीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आकडे उलटे म्हणायला लावले, ते मी न अडखळता म्हटले. जीव मात्र गेले काही दिवस टांगणीला लागलेला आहे. दाखल्यात त्याचा उल्लेख नाही, कारण ते डॉक्टरांनी विचारले नाही.

वकीलसाहेबांच्या कचेरीत उमेदीची सगळी वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. लोक मरणाला घाबरत असतील अशी माझी समजूत होती. टाइप करता करता कळले की ते भावाला घाबरतात, सुनेला घाबरतात, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला घाबरतात. अटी घालणारी मृत्युपत्रे मला कधीच आवडली नाहीत. मुलाने दारू सोडली तर शेत, मुलीने अमक्याशी लग्न केले नाही तर दागिने. मेल्यावरही मानगूट सोडायची नाही, असा तो प्रकार. खालचे कलम चौथे वाचणाऱ्याने माझे हे मत ध्यानात ठेवावे आणि मला हसू नये.

कलम पहिले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कपाटात एक जुना कागद सापडेल, तो नव्या मुलींना मसुदा शिकवण्यासाठी केलेला नमुना आहे. त्यात मी माझा हत्ती एका मैत्रिणीला दिला आहे. तो कागद रद्द समजावा. हत्ती नाही, आणि ती मैत्रीणही आता नाही.

कलम दुसरे. माझी माणसे. माझे पती वारले. यापुढे त्यांचा उल्लेख ‘हे’ असाच होईल. वकिली मसुद्यात ‘हे’ चालत नाही, ‘उक्त मयत’ लिहावे लागते. ते हयात असताना मी त्यांना कधी उक्त म्हटले नाही, आता कुठून म्हणू?

हे आधी सैन्यात होते, मग साबणाच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीला, आणि शेवटी पूर्णवेळ आजोबा. सैन्यात त्यांचे काम जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून निकामी करण्याचे. लढाई संपल्यावर बाकीचे घरी परतले, आणि ह्यांचे काम तेव्हा कुठे सुरू झाले. डावा कान तिथेच ठेवून आले. म्हणून सबंध संसार मी त्यांच्या उजव्या हाताला बसले. भांडण झाले की मुद्दाम डावीकडे बसायची, म्हणजे मला मनसोक्त बोलता येई आणि त्यांना शांतता मिळे.

आम्हाला एक मुलगा, एक सून, एक नात. मुलगा आणि सून नोकरीमुळे दूरच्या शहरात असतात. नातीला आम्ही बबडी म्हणतो. तिला चालता येऊ लागले तेव्हापासून ती आमच्याकडेच वाढली, आता कमावत्या वयाची झाली आहे.

कलम तिसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलाचे. त्याने मोजून नाक मुरडू नये. लोखंडी तवा सूनबाईंना द्यावा. दर भेटीत त्या तो उलटून पाहतात आणि परत ठेवतात, ते मला दिसते. आरामखुर्ची कोणालाही देऊ नये. हे त्याच खुर्चीत गेले. तिची वेताची जाळी उसवली आहे, ती नीट विणून घ्यावी आणि खिडकीशी राहू द्यावी. शेजारच्या शिंपीणबाईंकडे आमची शिडी आहे. ती परत मागू नये, पण ती आमची आहे हे चारचौघांत एकदा म्हणून दाखवावे.

कलम चौथे. हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि अंगणातली पंपाची खोली, माझ्या पश्चात माझ्या नातीला मिळावे. अट अशी की, सुरुंग काढणाऱ्या ज्या पथकात तिची निवड झाली आहे त्यात तिने रुजू होऊ नये. ती रुजू झाल्यास घरावरचा तिचा हक्क संपेल आणि घर मुलाकडे जाईल.

हे मी लिहिले. ‘हक्क’ दोनदा टाइप झाला, एक खोडला आहे.

बबडी या रविवारच्या गाडीने निघणार आहे. पथक लष्कराचे नाही, साध्या माणसांचे आहे. कुठल्याशा जुन्या लढाईची शेते अजून पडीक आहेत, तिथे ही मंडळी गुडघ्यांवर बसून हातहात जमीन तपासतात. तिने ही बातमी मला भाजी निवडताना सांगितली. म्हणाली, “आजी, माझी निवड झाली.” मला वाटले शाळेत शिक्षिका म्हणून झाली, कारण तिथेही अर्ज केला होता. मी शेंगा टाकून तिची अलाबला घेतली, गालावरून हात फिरवले. मग तिने कुठे ते सांगितले. घेतलेली अलाबला काही परत करता येत नाही, नाहीतर मी केली असती.

त्या दिवसापासून भांडे पडले तरी माझ्या छातीत धस्स होते. दाराची कडी वाजली की मी हातातले टाकून धावते, अजून ती घरातच असताना. ती अंघोळीला जरा जास्त वेळ लावू लागली की मी दाराशी जाऊन उभी राहते आणि “साबण आहे ना?” असे काहीतरी विचारते.

वकीलसाहेबांना मी हे कलम वाचून दाखवले. ते आता खूप थकले आहेत. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “बाई, ही अट कोर्टात टिकेल की नाही, सांगता येत नाही. पोरीच्या मनात मात्र टिकेल.” मी म्हटले, “टिकू दे. पोरगी टिकली म्हणजे झालं.”

कलम पाचवे. ह्यांची अवजारे. मोठा पाना, छोटे पाने, पकडी, कानशी, तेलाची बुधली, सगळे पेटीत ज्याच्या त्याच्या जागी आहे. ती बबडीला द्यावीत की विहिरीत टाकावीत, हे माझे अजून ठरत नाही. कारण झाल्या प्रकाराला जबाबदार हेच आहेत, आणि जाब विचारायला ते जागेवर नाहीत. म्हणून माझी तक्रार इथे नोंदवते.

बबडी लहान असताना अंगणात वाळूचा ढीग होता. हे त्यात माझ्या शिलाईच्या डब्यातली बटणे पुरायचे आणि तिला माझी विणायची सुई देऊन शोधायला बसवायचे. पोटावर झोपायचे, सुई तिरकी धरायची, हलकेच टोचायची, काही लागले की थांबायचे, मग बोटांनी बाजूची वाळू सारायची. बटण हलले तर डाव गेला. पोरगी जिभेचे टोक बाहेर काढून तासन् तास खेळायची. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. माझ्या सुयांची टोके बोथट झाली, सदऱ्यांना बटणे राहिली नाहीत, आणि हे मात्र कौतुकाने सांगत सुटायचे, “हिचा हात बघ. अजिबात हलत नाही.” मी तेव्हा सुयांवरून भांडले. भांडायला हवे होते कशावरून, ते मला आता कळते.

तिला शाळेत सोडायला हेच जायचे. रस्ता खणलेला असला, किंवा नुसता नवीन असला, तरी आधी स्वतः चालायचे आणि तिने त्यांच्या पावलांवर पाऊल टाकून यायचे. भर बाजारात आजोबा लांब ढांगा टाकताहेत आणि मागून दप्तर सांभाळत नात उड्या मारते आहे, हे बघून लोकांची करमणूक व्हायची. मी म्हणायची, “अहो, इथे कुठले आलेत सुरुंग?” ते म्हणायचे, “नाहीतच. पण सवय कशाला मोडायची?” कोणाची सवय, हे त्यांनाच ठाऊक.

युद्धाबद्दल ते फार बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. एखादे शेत पुरते साफ झाले की मालक बांधावर येऊन उभा राही, पण आत पाऊल टाकायचे त्याला धाडस होत नसे. मग पथकातले सगळे हातात हात घालून त्या शेतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. मग मालक उतरायचा. एका म्हातारीने ते चालून आल्यावर ह्यांना ओंजळभर कांदे दिले होते. ती गोष्ट ऐकताना बबडीचे डोळे असे काही व्हायचे की मी उठून स्वयंपाकघरात जायची. मला त्या कांद्यांची भीतीच वाटायची.

कलम सहावे. पंपाच्या स्विचवरचे कुलूप. याबद्दल मुलाचे आणि माझे भांडण सर्वांना माहीत आहे. माझी बाजू कागदावर असावी म्हणून लिहिते.

साबणाच्या कारखान्यात लगदा ढवळण्याची मोठी पिंपे असतात. आत पोलादी पाती फिरतात. चिकटलेला साबण खरवडायला माणसाला त्या पिंपात उतरावे लागते. तो आत असताना बाहेर कोणी स्विच दाबला तर काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. म्हणून तिथे नियम होता. आत उतरण्यापूर्वी ज्याने त्याने स्विचची दांडी खाली ओढायची, दांडीच्या भोकातून स्वतःचे लाल कुलूप घालायचे आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात ठेवायची. कुलपाला पत्र्याची पट्टी असे: ‘काम चालू. माणूस आत आहे.’ ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचे नाही, मग तो कारखान्याचा मालक का असेना.

निवृत्तीनंतर हे आपले लाल कुलूप घरी घेऊन आले. लोकांना घड्याळ मिळते. तेव्हापासून घरात काहीही उघडायचे असले की आधी कुलूप. पंखा पुसायचा असला तरी मेन स्विचला कुलूप लागायचे आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन बसायचो. मिक्सरच्या भांड्यात मला बोट घालू द्यायच्या आधी ते वायर काढून खिशात घालायचे आणि “हं, घाल आता” म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी पंप घरघर करत होता. ह्यांनी स्विचला कुलूप घातले, पंप उघडला, बोल्ट, वॉशर, बेअरिंग सगळे रद्दीच्या कागदावर ओळीने मांडले आणि चहाला आत आले. खुर्चीत बसले. मी चहा गाळून वळले तेवढ्यात गेलेले होते. पुढच्या गडबडीत गळ्यातल्या दोरीकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

तेव्हापासून आमचा पंप बंद आहे. बबडी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून दोन वेळा पाणी आणते, ती नसेल तेव्हा मी आणते. मुलगा मध्यंतरी एका नळवाल्याला कुलूप कापायला घेऊन आला होता. मी दारात आडवी उभी राहिले. मुलगा म्हणाला, “आई, साधं कुलूप आहे गं.” मी म्हटले, “ज्याचं आहे त्याला विचार.” मग ह्यांच्या कारखान्यातले मित्र, ज्यांना सगळे फोरमन म्हणतात, त्यांना मध्यस्थीला बोलावले. तर फोरमननी पट्टी वाचली, नळवाल्याच्या हातातली लोखंड कापायची कात्री काढून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मुलाने हात टेकले. शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, “कुलूप मेलेल्या माणसाचं आणि कंबर मोडते जित्या बाईची!” त्यांचे बरोबर आहे. कंबर खरोखर मोडते.

पण रोज सकाळी मी ती पट्टी वाचते. ‘माणूस आत आहे.’ कुलूप आहे तोवर हे, काम अर्धे टाकून, चहाला आलेले आहेत, असे मला वाटते. कुलूप निघाले की मग ते गेले. याला कोणी वेड म्हणेल म्हणून डॉक्टरांचा दाखला पहिल्या पानालाच जोडला आहे. माझी इच्छा अशी की हे कुलूप माझ्या मरणापर्यंत

इथपर्यंत परवा लिहिले होते. वाक्य पुरे न करता मी दूध उतू जाते म्हणून उठले आणि कागद टाइपरायटरमध्येच राहिला. तो बबडीने वाचला.

ती रागावली असती तर बरे झाले असते, मला भांडता आले असते. ती माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “आजी, घर मला नको. खरंच नको. पण पंप चालू करून जाऊ दे. मी गेल्यावर तू त्या बादल्या ओढणार. मी तिकडे वाकून बसले असेन आणि माझ्या डोळ्यांपुढे तू असशील, एका हातात बादली, दुसऱ्या हातानं भिंत धरलेली. काळजी लागली ना, की हात हलतो गं.”

माझ्या तोंडचे पाणी पळाले. तिच्या काळजीने मी झुरत होते, आणि माझी काळजी तिच्या हातात जाऊन बसेल हे मला सुचलेच नव्हते.

काल सकाळी तिने फोरमनना बोलावले. ते कारखान्याचा जुना निळा सदरा घालून, मोठी कात्री घेऊन आले. शिंपीणबाईंना तिसऱ्या म्हणून घेतले. बबडीने पंप आधीच जोडून तयार ठेवला होता. रद्दीवरचा एकेक भाग तिने रॉकेलने धुतला, नवे बेअरिंग बसवले, आणि कुलपाला मात्र हात लावला नाही. फोरमन स्विचसमोर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले,

“वहिनी, नियम असाय. किल्लीवाला जागेवर नसेल तर आधी त्याला फोन करायचा. तो बाहेर आहे हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. मग यंत्रात बघायचं. मग तिघांसमोर कापायचं.”

“लावा की फोन,” मी म्हटले. “लागला तर मलाही द्या, मला बरंच बोलायचंय.”

फोरमन हसले नाहीत.  मग ते कुलपाकडे बघतच म्हणाले, “मी पोरगा होतो तेव्हा, एकदा माझा जोडीदार स्वतःचं कुलूप घरी विसरला. मी म्हटलं, घाल माझं, काय बिघडतंय? माझ्या कुलपावर तो आत उतरला. पाळी संपली. मी सवयीनं माझं कुलूप काढलं आणि निघालो घरी. तो आतच. तुमच्या ह्यांनी बघितलं. ते स्विचला पाठ लावून उभे राहिले, तो वर येईस्तोवर. एका शब्दानं बोलले नाहीत मला. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, दुसऱ्याच्या जिवासाठी आपलं कुलूप लावायचं नाही. आपण एक दिवस घरी जातो.”

बबडीने माझ्याकडे पाहिले नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती, हे मला समजले. माझे कान मात्र तापले.

फोरमन पुढे म्हणाले, “मेलेल्या माणसाचं काय करायचं, हे नियमात नाही. तेव्हा ज्यानं त्याला शेवटचं बाहेर बघितलं, त्यानं सांगावं. असं मी ठरवलंय. चुकत असेन तर चुकू दे.”

“आजी,” बबडी म्हणाली, “तू सांग. आजोबा बाहेर आहेत का?”

मी पंपाच्या खोलीत डोकावले. खोली ती केवढी, दोन माणसे उभी राहायची मारामार. तरी मी कोपरान् कोपरा पाहिला. टाकीच्या मागेही पाहिले. त्यांची तेलकट टोपी खिळ्याला होती. मला म्हणायचे होते की आहेत, आत आहेत, लावू नका पंप. पण मी उभ्या उभ्या रडले, शिंपीणबाईंसमोर, ज्यांच्यासमोर मी आजवर शिंकसुद्धा आवरून धरली आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, याची नोंद मी शिडीच्या बाबतीत घेतली आहे.

मग मी सांगितले. “माणूस बाहेर आहे. चहाला आत आला होता. मी पाहिलाय.”

फोरमननी कात्री बबडीच्या हातात दिली. कुलूप दुसऱ्या दाबाला तुटले. तिने दांडी वर केली, पंप खोकला, थुंकला आणि चालू झाला. मोरीतल्या नळाला आधी तांबडे पाणी आले, मग स्वच्छ. शिंपीणबाई घागर आणायला घरी पळाल्या.

आता दुरुस्ती.

कलम चौथे यातली अट, “अट अशी की” येथपासून “मुलाकडे जाईल” येथपर्यंत, मी आडवी रेघ मारून रद्द केली आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. खोडलेला मजकूर खाली वाचता यावा असा नियम आहे, कारण गिरवून काळा केला तर कोर्टाला संशय येतो. मलाही तो वाचता यायला हवा आहे. आजी किती घाबरली होती ते बबडीला कधीतरी कळावे. घर तिचे, विनाअट. ते तिने विकावे, भाड्याने द्यावे, त्यात राहावे किंवा वर्षानुवर्षे बंद ठेवावे. तिचा हात आत आहे, कुलूपही तिचेच असायला पाहिजे. मी तर एक दिवस घरी जाणारच.

कलम पाचवे यात जोडायचे ते असे: अवजारांची पेटी बबडीला द्यावी. विहिरीचा विचार मी सोडला आहे. विणायच्या सुया देऊ नयेत. त्यांच्याकडे पाहिले की अजूनही माझे डोके फिरते.

कलम सहावे यातले अर्धे वाक्य अर्धेच राहू द्यावे.

माझी भीती गेली असा समज कोणी करून घेऊ नये. ती तशीच आहे. आज सकाळी बबडी गुडघ्याला बांधायच्या गाद्या पिशवीत भरत होती, तेव्हा मला शेजारच्या खोलीत जाऊन बसावे लागले. रविवारनंतर मी जेवेन की नाही मला ठाऊक नाही. फोन वाजला तर उचलवणार नाही, आणि वाजला नाही तर चैन पडणार नाही. पण ही भीती माझी आहे आणि ती माझ्याच गळ्यात राहील. तिला पत्र लिहीन त्यात सूनबाईंच्या तव्याबद्दल लिहीन, शिंपीणबाईंबद्दल लिहीन, नळाला पाणी कसे जोरात येते ते लिहीन.

कलम सातवे व अखेरचे. माझ्या मृत्यूची बातमी.

हे कलम मी काल संध्याकाळी मुलाला फोनवर वाचून दाखवले. तो चिडला. “आई, हे काय लिहिलंस? ती शेवटचं तोंड बघायलाही पोचणार नाही. जन्मभर बोलणार नाही माझ्याशी.” मी म्हटले, “म्हणूनच कागदावर आणते आहे. तुझं नाव खराब व्हायला नको. तिला हा कागद दाखव आणि सांग, आजीचा हुकूम होता.”  मग म्हणाला, “बरं.” तो ह्यांचाच मुलगा आहे. बरं म्हणाला म्हणजे करील.

तर मी असे लिहून ठेवते. मी गेले की मुलाने पथकाच्या कचेरीत फोन करावा आणि एवढेच विचारावे की ती या क्षणी कुठे आहे. ती शेतात असेल तर निरोप ठेवू नये. तिला कोणी हाक मारू नये, हात करू नये, बांधावर येऊन तोंड पाडून उभे राहू नये. तिच्या हाताखाली जे असेल ते तिला नीट बाहेर काढू द्यावे. मग ती सावकाश मागे सरकेल, हद्दीच्या दोरीबाहेर येईल, डोक्यावरचे शिरस्त्राण काढेल, पाणी पिईल. ती पाणी पिऊन झाली की सांगावे. त्याला दुपार लागो, संध्याकाळ लागो, त्यात दुसरा दिवस उजाडो. मला तेव्हा घाई नसेल, आणि तिने तर ती मुळीच करू नये.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः टाइप केले, स्वतः वाचले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. दोन्ही साक्षीदारांना या कागदातून काहीही मिळत नाही. शिडी शिंपीणबाईंकडे आधीपासूनच आहे, ती देणगी धरू नये.

सही: (आजी)

साक्षीदार पहिले: फोरमन, साबणाचा कारखाना, निवृत्त. सही करताना म्हणाले, “वहिनी, सातवं कलम पुन्हा एकदा वाचा.” वाचले.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिंपीणबाई. सही केली, चष्मा पुसला, पुन्हा एकदा सही केली. दुसरी सही जास्तीची आहे, ती खोडलेली नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.

तारीख: गाडीच्या आदल्या दिवसाची, शनिवार, सकाळ.